हवं तेवढं थांबावं

“यात मी नेमकं काय करायचं?” रणनवऱ्यांनी विचारलं.

मी दिलेला कागद त्यांनी स्टँडवर लावला नव्हता. दोन्ही हातांनी धरून, खिडकीच्या उजेडात तिरपा करून ते तो बघत होते. फ्लूट काखेत दाबलेली. कागदावर सुरांचे तीन लहान गट होते, एकमेकांपासून बरेच लांब लिहिलेले. ताल लिहिलेला नव्हता. मात्रा तोडणाऱ्या उभ्या रेघा नव्हत्या. कुठे जोरात, कुठे हळू, श्वास कुठे घ्यायचा, यातलं काहीच नव्हतं. खाली मी मराठीत लिहिलं होतं : हे भाग हव्या त्या क्रमाने वाजवावेत. एखादा पुन्हा वाजवावासा वाटला तर वाजवावा. दोन भागांच्या मध्ये हवं तेवढं थांबावं.

“तुम्हाला वाटेल ते करायचं,” मी म्हटलं.

“मला काय वाटेल ते तुम्ही सांगा ना, बाई.”

ते चेष्टा करत नव्हते. शमुवेल रणनवऱ्यांचं उभं आयुष्य लष्करी बँडमध्ये गेलं होतं. बँडमास्तरची काठी खाली आली की फुंकायचं आणि वर गेली की थांबायचं. नायब सुभेदार होऊन ते निवृत्त झाले आणि नगरला, भिंगारच्या दोन खोल्यांत एकटे राहायला आले. सगळे त्यांना सुभेदार म्हणत. मी आडनावानेच हाक मारायची.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते. लग्न केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ते राहून गेलं, आणि ती गेल्यावर विचारणारं कोणी राहिलं नव्हतं. घरात मी आणि मिस डनिंगचा पियानो. मिस डनिंग ही माझी गुरू. अमेरिकेला परत जाताना तिने पियानो, स्वरलिपीचे कोरे कागद आणि पाच रेघा एकदम ओढणारं एक पितळी पेन मला दिलं होतं. त्या रेघांवर मी अधूनमधून काहीबाही लिहायची. गीतांच्या चाली, नाताळसाठी मुलींच्या कॉयरला काहीतरी. गावात स्वरलिपी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे माझं लिहिणं बहुतेक कपाटातच असायचं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा रणनवरे पहिल्यांदा घरी आले. “सलाम, बाई,” म्हणाले आणि सांगितल्याशिवाय खुर्चीत बसले नाहीत. पाळकसाहेबांनी त्यांना सुगीच्या सणाच्या उपासनेत काहीतरी वाजवायला सांगितलं होतं. एखादं गीत वाजवा की, मी म्हटलं. पण त्यांना गीत नको होतं. आपल्याला एकट्याने वाजवायचं आहे, कुणीही हात हलवलेला नसेल असं काहीतरी वाजवायचं आहे, असं ते म्हणाले. ते शब्द शोधत शोधत बोलत होते. बँडमध्ये त्यांच्याकडे कायम दुसरी फ्लूट होती. मुख्य सूर दुसऱ्यांकडे आणि यांच्याकडे खालची ओळ.

“त्या ओळीला एकटीला काही अर्थ नसतो,” ते म्हणाले. “घरी बसून वाजवली तर वाटतं, शेजारच्या खोलीत अख्खा बँड वाजतोय आणि मला तेवढा ऐकू येत नाहीये.”

त्या वाक्यामुळे मी हो म्हटलं.

पहिल्यांदा जे लिहिलं ते मी नेहमीसारखंच लिहिलं. मिस डनिंग म्हणायची, लिहून न ठेवणाऱ्याला नंतर कुरकुर करायचा हक्क नाही. म्हणून मी एकूण एक गोष्ट पेन्सिलने लिहिली. लय, चढ, उतार, श्वासाच्या जागा, कुठला सूर किंचित लांबवायचा आणि किती. रणनवऱ्यांनी कागद स्टँडवर लावला, एकदा वरून खाली नजर फिरवली आणि वाजवून दाखवलं. एकही चूक नव्हती. सूर गणवेशाच्या बटनांसारखे एका रेषेत चमकत होते. वाजवून झाल्यावर ते सावधान उभे राहिले.

“बरोबर आलं?”

“अगदी बरोबर,” मी म्हटलं. पण त्यांनी जे मागितलं होतं ते हे नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं. बँडमास्तर गेला होता आणि त्याच्या जागी मी उभी होते.

ते गेल्यावर मी रबर घेऊन बसले. आधी जोर-हळूच्या खुणा पुसल्या. मग श्वासाच्या. मग लय. उभ्या रेघा पुसायला मात्र मला दोन-तीन दिवस लागले. रेघा गेल्यावर ती रचना माझी राहील का, अशी भीती वाटत होती. आई गेल्यानंतरही मी तिच्याच वेळा पाळत होते. तिच्या औषधाच्या वेळेला माझा चहा, तिच्या झोपेच्या वेळेला पियानो बंद. समोरच्या खोलीतली तिची खाटही तिथेच होती. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी दुपारी पियानो वाजवला, तोही मोठ्याने. आणि एका लांबलचक सुरावटीचे तीन सुटे तुकडे केले.

तो कागद बघून त्यांनी विचारलं होतं, मी काय करायचं.

त्यानंतर ते दर गुरुवारी शाळा सुटल्यावर येऊ लागले. फार कठीण गेलं. वाजवताना त्यांच्या उजव्या बुटाचा चवडा ताल धरायचा. मी बूट काढायला लावले, तर मोज्यातला अंगठा हलायला लागला. दोन भागांच्या मध्ये ते नेमक्या चार मात्रा थांबायचे. थांबा हवा तेवढा घ्या म्हटलं तर पुढच्या वेळी आठ. आणि प्रत्येक थांब्याला माझ्याकडे बघायचे. माझा हात पियानोवर असायचा. तो जरा हलला तरी तो इशारा समजून ते फुंकायचे.

शेवटी मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मी इथे आहे असं समजूच नका, असं सांगून मधलं दार लोटून घेतलं. बराच वेळ बाहेरून काही आवाज आला नाही. मी ओट्याशी उभी होते. कंटाळून गेले की काय, असं वाटलं. मग फ्लूट वाजली. तिन्ही भागांतला मधलाच भाग आधी, आणि मी लिहिताना जो आनंदाचा धरला होता तो त्यांनी इतका हळू वाजवला की मला तो ओळखू यायला क्षणभर वेळ लागला. मला राग आला. असं नाही हो, असं म्हणायला मी दारापर्यंत गेले, आणि तिथेच थांबले. असं नाही हे मी कुठे लिहिलं होतं?

पुढचे गुरुवार असेच गेले. ते बाहेरच्या खोलीत आणि मी आत, मध्ये लोटलेलं दार. कधी ते शेवटच्या भागाने सुरुवात करत, कधी पहिलाच दोनदा वाजवत. मी भाजी निवडत ऐकायची. वाजवून झालं की ते फ्लूटचे तुकडे सुटे करून मऊ फडक्याने आतून पुसायचे. मग मी चहा घेऊन बाहेर यायची. बोलणं थोडंच व्हायचं. शिलाँगच्या पावसाबद्दल. जालंधरच्या थंडीत फ्लूट ओठाला चिकटते त्याबद्दल. राहेलबद्दल फार कमी. राहेल त्यांची बायको. मी तिला त्यांच्याआधीपासून ओळखत होते, म्हणजे दर रविवारी बघत होते. ऑर्गनवर पाळकसाहेब दिसावेत म्हणून एक आरसा बसवलेला असतो. त्यात मला बायकांच्या बाजूचा खांब दिसायचा आणि खांबाशेजारी राहेल. मुलगा लहान असताना मांडीवर, मग शेजारी, मग ती एकटी. रणनवरे निवृत्त होऊन येणार त्याच्या थोडं आधी ती काविळीने गेली. त्यांना शिलाँगहून पोचायला उशीर झाला. माती लोटून झाली होती.

मुलगा देवळालीला नोकरीला होता. तो सारखा बोलावत होता. एका गुरुवारी चहा पिताना त्यांनी ते सांगितलं. सून चांगली आहे, नातवंड आहे, इथे एकटं काय करता म्हणतो.

“मग?” मी विचारलं.

“सुगीचा सण झाला की कळवतो म्हटलंय.” कपात बघत ते म्हणाले, “इथं राहायला काहीतरी कारण पाहिजे ना, बाई.”

मी कप उचलून आत नेले. ते गेल्यावर दिवा लावायच्या वेळेपर्यंत मी पियानोशी बसून होते, आणि त्या बैठकीत मी चौथा भाग लिहिला. तो इतर तिन्हींपेक्षा लांब झाला. फ्लूटच्या अगदी खालच्या सुरापासून निघून हळूहळू वर चढणारा, दोनदा मागे वळणारा, आणि शेवटी अशा सुरावर थांबणारा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता कोणीतरी पुढे बोलेल. त्याच्याखाली लिहिलं : हा भाग शेवटी वाजवावा.

ते वाक्य मी बराच वेळ वाचत राहिले. तो हुकूम होता. माझ्या अख्ख्या कागदावर तेवढाच एक हुकूम. मी पेन पुन्हा बुडवलं आणि पुढे लिहिलं : नको वाटला तर सोडून द्यावा.

पुढच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात गेले नाही. पियानोच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले. रणनवऱ्यांनी नवा भाग डोळ्यांनी वाचला. खालच्या दोन्ही ओळी वाचल्या. मग बूट काढून उभे राहिले आणि वाजवायला लागले. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. सूर वर चढत गेले तसा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ज्या दोन जागी सुरावट मागे वळते तिथे ते इतक्या हळुवारपणे वळले की मी सांगूनही तसं झालं नसतं. शेवटचा सूर त्यांनी संपेपर्यंत धरला, श्वास पुरला तिथपर्यंत.

मग त्यांनी फ्लूट सुटी केली. पुसली. पेटीत ठेवली. हे सगळं नेहमीपेक्षा सावकाश.

“हा मागाहून लिहिलेला दिसतोय,” ते म्हणाले.

“हो.”

“सुंदर आहे.”

‘बरोबर’ हा त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा शब्द होता. सुंदर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी ते चहाला जास्त वेळ बसले. सण त्या रविवारी होता, मधल्या दोन दिवसांत मी समोरच्या खोलीचे पडदे धुतले. शेजारच्यांना बोलावून आईची खाट मागच्या पडवीत हलवली. खोली एकदम मोठी दिसायला लागली. तिथे दोन खुर्च्या समोरासमोर मावत होत्या.

सुगीच्या सणाला आमचं चर्च बाजारासारखं होतं. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, वांगी, उसाच्या मोळ्या, अंड्यांच्या टोपल्या. पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की बाहेर आवारात या सगळ्याचा लिलाव होतो. त्यामुळे मुलांचं लक्ष उपदेशाकडे कधीच नसतं. उपदेश संपला. पाळकसाहेबांनी सुभेदारांचं नाव घेतलं. ते पांढऱ्या शर्टात पुढे आले, ऑर्गनजवळ उभे राहिले आणि कागद स्टँडवर लावला. माझ्याकडे बघितलं नाही. मी आरशात बघत होते.

त्यांनी तिसऱ्या भागाने सुरुवात केली. त्यांचे पाय मला दिसत होते. चवडा हलत नव्हता. मग पहिला, मग तो मधला, ज्याच्यावरून मला राग आला होता, आणि त्या दिवशी त्यांनी तो ना आनंदाने वाजवला ना दुःखाने. कोणीतरी नुसतं दार उघडून आत यावं तसा तो आला. लोक चक्क ऐकत होते.

आता चौथा राहिला होता. ते थांबले.

फ्लूट ओठांपासून खाली आली. ते किंचित वळले होते, बायकांच्या बाजूला, आणि त्यांची नजर खांबाशेजारी होती. तिथे आता दुसरीच एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. थांबा लांबत गेला. एक कोंबडी कुरकुरली. कोणीतरी खाकरलं. विसरले बहुतेक, अशी कुजबुज मागून आली. पाळकीणबाईंचा पंखा थांबला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून भुवई वर केली. ऑर्गनवरून एक सूर देऊन मी त्यांना चौथ्या भागात नेऊ शकले असते. कोणालाही त्यात वावगं वाटलं नसतं. सुभेदारांना आधार दिला असंच सगळे म्हणाले असते. माझं बोट त्या खालच्या सुरावर होतंच.

मी हात मांडीवर घेतले.

त्यांनी फ्लूट उचलली. आणि पहिला भाग पुन्हा वाजवला. इतका हळू की सूर कमी आणि वारा जास्त ऐकू येत होता. तो संपला तशी त्यांनी फ्लूट खाली केली, कागद काढून घेतला आणि जाऊन आपल्या जागेवर बसले.

पाळकसाहेब थोडे थांबले. मग त्यांनी शेवटच्या गीताचा नंबर सांगितला. मला ते गीत पाठ होतं. पण मी ते इतकं संथ उचललं की मंडळी माझ्यापुढे निघून गेली आणि पहिलं कडवं संपेपर्यंत मला त्यांना गाठता आलं नाही.

बाहेर लिलाव सुरू झाला तेव्हा मी ऑर्गनवर कापड घालत होते. रणनवरे बाजूच्या दारात येऊन उभे राहिले.

“शेवटचा भाग मी सोडला,” ते म्हणाले.

“तशी मोकळीक होती.”

ते आत आले आणि पहिल्या बाकाच्या टोकाला बसले. त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. थांबलो तेव्हा आधी सवयीने इशाऱ्याची वाट बघत होतो, म्हणाले. इशारा आला नाही. मग खांबाकडे लक्ष गेलं. दर सुट्टीला यायचो ते परत जायचा दिवस ठरवूनच यायचो. राहेलने एकदाही थांबा म्हटलं नाही. ती गेली तेव्हा कबरीपाशी उभा राहिलो, तर नातेवाईक जेवायचे खोळंबले होते. म्हणून निघालो.

“तिच्यासाठी कधी थांबलोच नव्हतो,” ते म्हणाले. “आज थांबलो. तुमच्या कागदावर लिहिलं होतं म्हणून थांबता आलं.”

मी कापडाच्या घड्या सारख्या करत राहिले.

“चौथा भाग मला कळला होता, मर्सीबाई. गुरुवारीच कळला होता.” एरवी ते मला नुसतं बाई म्हणत. “म्हणूनच तो आज लोकांपुढे वाजवता आला नसता. तो माझ्याकडून खोटा झाला असता.”

बाहेर भोपळ्याची बोली वाढत होती आणि लोक हसत होते.

“चांगलं वाजवलंत,” मी म्हटलं.

“बरोबर होतं?”

“ते मला ठाऊक नाही. चांगलं होतं.”

त्यांनी मान हलवली. कागद आपल्याजवळ ठेवू का, असं विचारलं. मी ठेवा म्हटलं. महिनाअखेरीला ते देवळालीला गेले. निघायच्या आदल्या दिवशी सलाम करायला आले, पण घाईत होते, आत आले नाहीत.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ती रचना पुढे माझ्या एका विद्यार्थिनीने पुण्याला नेली आणि तिथून ती कुठे कुठे गेली. वाजवणारे मला विचारतात, चौथा भाग घ्यायचा की सोडायचा. मी त्यांना कागदावरच्या त्या दोन ओळी दाखवते. बहुतेक सगळे तो वाजवतात, आणि टाळ्या त्यालाच पडतात. कोणी तो नाचरा करतं, कोणी विनवणीसारखा. मी कोणालाही तसं नाही, असं म्हणत नाही. रणनवऱ्यांनी तो खिडकीशी उभं राहून एकदाच वाजवला होता, तसा मात्र पुन्हा ऐकला नाही.

ते गेल्यानंतरच्या गुरुवारी मी शाळेतून घरी आले. दुपार उतरत होती. स्वयंपाकघरात जायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी पियानोशी बसले, पितळी पेनाने कोऱ्या कागदावर पाच रेघा ओढल्या आणि वर वाद्याचं नाव लिहिलं : फ्लूट. नगरमध्ये तेव्हा ती वाजवणारं कोणी उरलं नव्हतं. मग साधं पेन शाईत बुडवून मी पहिला सूर लिहिला.